काकांनी लिहून दिलेला कागद

मी गोव्याहून वर्ध्याला शिकायला आले ती चोपन्न सालच्या जूनमध्ये. अठरा वर्षांची होते. आमच्या गावात मराठी शाळा होती ती बाबांचीच, म्हणजे तेच ती चालवत आणि तेच शिकवत. तिच्यापुढे शिकायचं तर पोर्तुगीजमधून, नाहीतर हद्द ओलांडून. मला मराठीतून शिकवणारी शिक्षिका व्हायचं होतं. बाबा तरुणपणी वर्षभर पुण्याला शिकायला होते, तेव्हा त्यांच्या खोलीत वर्ध्याकडचे एक गृहस्थ राहत. ते पुढे वर्ध्याच्या एका सरकारी शाळेत हेडमास्तर झाले. दोघांचा पत्रव्यवहार कधी तुटला नाही. माझ्या शिक्षणाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी पोस्टकार्डावर लिहिलं, "मुलीला इकडे पाठवा. आमच्या घरी राहील, आमची होऊन राहील."

हद्दीवर तेव्हा नाव-गाव लिहून घेत आणि जाऊ देत. तीन गाड्या बदलून मी वर्ध्याला उतरले, तर ते हेडमास्तर, म्हणजे माझे काका, स्वतः स्टेशनावर आले होते. त्यांनी माझी ट्रंक उचलली आणि टांग्यात ठेवली. पिपरी मेघेच्या वाटेवर, गाव संपता संपता त्यांचं घर होतं. पुढे कडुनिंब, मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची शेतं. घरात काका आणि काकू दोघंच. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन अमरावतीकडे गेल्या होत्या. काकूंनी मला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अवं माय, किती वाळली हे पोरगी! तुमच्याकडे जेवाले देत नाई का?"

मला ती भाषा अर्धीच कळली, पण हात धरून आत नेलं ते पूर्ण कळलं. माझ्या ताटात मासळी नसणार हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. कुठून तरी सुकं खोबरं आणून त्या बेसनाच्या पातोडीच्या रश्शात वाटून घालत आणि विचारत, "तुह्या घरच्यासारखं लागते का थोडं?" तसं मुळीच लागत नसे. मी हो म्हणत असे, आणि काही महिन्यांनी तो रस्साच मला घरचा वाटू लागला.

पहिलं वर्ष मॅट्रिकमध्ये गेलं. पंचावन्नच्या जूनमध्ये मी मुलींच्या अध्यापन विद्यालयात दाखल झाले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. त्याच उन्हाळ्यात गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकड्या निघत होत्या. आमच्या भागातूनही माणसं गेली. निरोपाच्या सभेत काकांनी मला व्यासपीठावर बसवलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून एक वाक्य धड निघालं नाही, तरी टाळ्या पडल्या. काका उत्तम वक्ते होते. घरी वऱ्हाडी बोलणारे काका सभेत अगदी पुस्तकी मराठी बोलत. ते म्हणाले, "गोव्याची ही कन्या आज माझ्या घरी माझी लेक म्हणून राहते. हिच्यात आणि आपल्यात रेघ ओढणारा कोण?" माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता. त्या दिवशी मला वाटलं, आपण दोन घरांच्या आहोत. याहून मोठं सुख मी तोवर अनुभवलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. गावात हरताळ पडला, मोर्चा निघाला, मला पहिल्या रांगेत उभं केलं. आणि थोड्याच दिवसांत हद्द बंद झाली. गाडी बंद, मनिऑर्डर बंद, टपाल जवळजवळ बंद. एकदा सकाळी एक शिपाई घरी आला आणि त्याने अगदी अदबीने सांगितलं, "गोव्याच्या बाई कोन हाये? ठाण्यात नाव नोंदवा लागते. नवा हुकूम हाये."

काका माझ्याबरोबर आले. फॉर्मवर एक रकाना होता, राष्ट्रीयत्व. मी लिहिलं, "हिंदी." कारकुनाने ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "बाई, जन्माचा दाखला काय म्हणतो?" दाखला पोर्तुगीजमध्ये होता. त्यावरचं माझं नावही पोर्तुगीज पद्धतीनं लिहिलेलं, मला स्वतःलाच ओळखू न येणारं. त्याने मी लिहिलेलं खोडलं आणि वर लिहिलं, पोर्तुगीज प्रजाजन. माझ्या समोर, निळ्या शाईने. काकांनी हमीपत्रावर सही केली आणि मला सहा महिन्यांचा परवाना मिळाला. बाहेर आल्यावर ते हसले. "कागदावर काही लिहू दे. आपन हावो ना."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पण शरीराने ठेवला नाही असं आता वाटतं. खाकी कपडा दिसला की माझे तळवे ओले होऊ लागले, मग तो पोस्टमन असो की फॉरेस्टचा गार्ड. परवाना मी ट्रंकेत तळाशी ठेवला होता, पण रोज एकदा काढून तारीख पाहिल्याशिवाय चैन पडेना. जेवण जाईना. फणीत केसांचे पुंजके यायला लागले. पाळी तीन महिने आली नाही आणि काकूंनी मला एकदा स्वयंपाकघरात बसवून हळूच विचारलं, "पोरी, खरं सांग, काही भलतं तर नाई ना?" मी रडले तेव्हा त्यांची खात्री पटली की भलतं काही नाही. मग त्या मला वैद्याकडे घेऊन गेल्या. वैद्य म्हणाले, काळजीनं होतं. कसली काळजी ते त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं.

घरची पत्रं कुठल्या कुठल्या देशांतून वळसा घेऊन येत. एक पत्र निघाल्यापासून चार महिन्यांनी पोचलं. त्यात धाकट्या बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त कळवला होता. मी पत्र वाचलं तेव्हा लग्न होऊन दोन महिने झाले होते. तरी मी ठाण्यात जाऊन विचारलं, घरी जाऊन येता येईल का? कारकून म्हणाला, "जाता येते. जाले कोन नाई म्हनत? परत येता येनार नाई." त्यानंतर बहिणीचं एक कार्ड आलं, तेही उशिराच. त्यात एवढंच होतं: "सगळे आले, तू आली नाहीस."

विद्यालयात सरावपाठ सुरू झाले होते. मला पाचवीचा भूगोल मिळाला. फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा लावलेला. छडी पश्चिम किनाऱ्यावर नेली तर तिथे एक लहानसा तुकडा वेगळ्या रंगात. एका मुलीनं विचारलं, "बाई, थे कोनाचं हाये?" साधा प्रश्न. माझा पाठ पाठ होता. पण छडी तिथेच राहिली आणि आवाज गेला. वर्गात मागे आमच्या प्राचार्याबाई टिपण घेत बसल्या होत्या. त्यांनी घंटा होईपर्यंत वाट पाहिली आणि शेऱ्यात लिहिलं, "तयारी अपुरी."

माझ्या बाकावर रोहणा गावची एक मुलगी बसायची, शेतकऱ्याची. दणकट, मोठ्यानं हसणारी. त्या दिवशी तिनं मला हातपंपाशी नेऊन तोंड धुवायला लावलं. "तू मरून राह्यली का जगून राह्यली, तेच समजत नाई," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी भांडत जा कोनाशी. माह्याशी भांड." मी तिच्याशीही भांडू शकले नाही. पण तिच्याजवळ बसलं की घास उतरे.

परवाना दोनदा वाढवून मिळाला. दर वेळी काकांची सही असे. छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली आणि वर्धा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं. गावात सगळ्यांना आनंद, मराठी माणसं एका राज्यात आली म्हणून. मलाही झाला. माझे कागद मात्र नागपूरच्या कचेरीत होते, ते मुंबईला गेले आणि हरवले. नवे नियम मुंबईचे. जुनी हमी चालणार नाही, सगळं पहिल्यापासून करायचं, परवाना एकेका महिन्याचा, आणि हमीपत्राबरोबर वर्तनाचा दाखलाही द्यायचा. विद्यालयाने कळवलं, नवा परवाना नसेल तर मार्चच्या अंतिम परीक्षेला बसता येणार नाही.

मी नव्या हमीचा कागद काकांना दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. "होऊन जाते. मी भेटतो साहेबाले. तू अभ्यास कर."

तीन आठवडे मी रोज विचारत होते. जेवताना, नाहीतर सकाळी ते तुळशीला पाणी घालत तेव्हा. रोज उत्तर तेच. "होऊन जाईन. सरकारी काम हाये, घाई करून चालते का?" त्या तीन आठवड्यांत काकू मला वाढताना फार आग्रह करत. एकदा सण नसताना पुरण घातलं. मी म्हटलं, "आज काय?" तर त्या पाठ फिरवून म्हणाल्या, "असंच." मला वाटलं, माझी तब्येत पाहून करतात.

चौथ्या आठवड्यात मी एकटीच ठाण्याच्या कचेरीत गेले. परवाना संपायला सहा दिवस होते. तोच कारकून होता, ज्यानं माझं "हिंदी" खोडलं होतं. मला पाहून तो ओशाळला.

"बाई, तुमचं प्रकरण तर बंद झालं."

"बंद कसं? काकांनी हमीपत्र दिलं ना?"

त्यानं एक फाईल पुढे ओढली. मग म्हणाला, "तुमाले मालूम नाई?" आणि त्यानं फाईल उघडून माझ्यापुढे फिरवली. हे त्याने नियमाप्रमाणे करायला नको होतं, पण केलं.

काकांचं अक्षर सुरेख होतं. फळ्यावर लिहिताना मी त्यांच्या 'श'ची नक्कल करायला शिकले होते. त्या अक्षरात लिहिलं होतं की सदर विद्यार्थिनी त्यांच्या घरी केवळ राहण्यापुरती होती, तिच्याशी त्यांचं कोणतंही नातं नाही. तिच्या घराण्याची त्यांना प्रत्यक्ष माहिती नाही. तिला परदेशातून पत्रं येतात, त्यांतल्या मजकुराची ते खात्री देऊ शकत नाहीत. सबब यापुढे ते हमी घेण्यास असमर्थ आहेत. खाली सही, आणि तारीख. मी कागद त्यांच्या हातात दिला त्याच्या तिसऱ्या दिवसाची.

परदेशातून येणारी पत्रं म्हणजे माझ्या आईची पत्रं. ती काका मोठ्यानं वाचून काकूंना अर्थ सांगत. त्यातली कोकणी त्यांना कळे, कारण बाबांनी त्यांना पुण्याच्या खोलीत शिकवली होती.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. काका अंगणात खाटेवर बसून संत्रं सोलत होते. तळेगावच्या एका पालकानं पाठवलेली टोपली शेजारी होती. त्यांनी एक संत्रं माझ्यापुढे धरलं.

"मी कागद वाचला," मी म्हटलं.

त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी संत्रं टोपलीत ठेवलं, नीट, जागा पाहून.

"पोरी, माह्यं नाव शाळा तपासनीसाच्या यादीत हाये. या वर्षी नाई झालं तर मी तसाच रिटायर होतो. वरून विचारनं आलं होतं, तुमच्या घरी परदेशी बाई राहते काय म्हनून. मी काय करू?"

"मला सांगायचं."

"सांगून काय झालं असतं?"

"मी तीन आठवडे तुमच्या भरवशावर बसले नसते."

त्यांनी संत्र्याची सालं गोळा करायला घेतली. मी विचारलं, "घराण्याची माहिती नाही असं लिहिलंत. बाबांबरोबर एका ताटात जेवलात तुम्ही."

"थे सरकारी भाषा असते," ते म्हणाले. "तसंच लिहा लागते. मनातून काही तसं नाई."

मी आत गेले तर काकू चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं हे त्यांच्या पाठीवरून कळलं. मी ट्रंक भरायला घेतली. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मी त्यायले म्हटलं होतं, पोरीले सांगा म्हनून. नाई ऐकलं त्यायनं." मग पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "काऊन चालली? परवाना हाये तोवर राह्य ना." त्यांनी हे प्रेमानंच म्हटलं. परवाना हाये तोवर. मला ते काकांच्या कागदापेक्षा जास्त लागलं.

ट्रंक घेऊन मी विद्यालयाच्या वसतिगृहात गेले. रोहण्याच्या मैत्रिणीनं काही न विचारता तिच्या खाटेवर जागा केली. मी बोलत नव्हते, उठत नव्हते. पाण्याचा पेला हातात दिला तर तो तसाच धरून बसत होते. ती घाबरली आणि पहिल्या मोटारीनं गावी गेली. दोन दिवसांनी वडिलांना घेऊन आली. धोतर, पागोटं, पायात धुळीनं पांढरे झालेले जोडे. मला त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

कचेरीत कारकुनानं त्यांना फॉर्म दाखवला.

"काय लिवलं हाये याच्यात?"

"हिनं काही केलं तर जबाबदार तुम्ही."

"काय करन थे? पोरीयले शिकवन, अजून काय?" ते माझ्याकडे वळले. "काही करशीन का वं तू?"

मी मान हलवली.

"नाई म्हन्ते. लिवा माह्यं नाव."

"दादा, सरकार तुमाले विचारपूस करन," कारकून म्हणाला.

"करू दे. मले कोन बढती देऊन राह्यलं?"

त्यांना माझ्या हकिकतीतलं काही माहीत नसावं, मुलीनं सांगितलं असेल तेवढंच. ते सहज बोलले. मी भिंतीला टेकले आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले. कारकुनानं पाणी मागवलं. वर्तनाचा दाखला आमच्या प्राचार्याबाईंनी लिहून दिला. मी घाबरत घाबरत मागायला गेले होते. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "भूगोलाचा पाठ पुन्हा द्यावा लागेल."

मी पुन्हा दिला. परीक्षेला बसले, पास झाले. दर महिन्याला कचेरीत जावं लागे. सरकारी शाळेत नोकरी मिळणं शक्य नव्हतं. रोहण्याच्या गावकऱ्यांनी एक खाजगी शाळा काढली होती, तिथे मला घेतलं. तिथल्या मुलींना मी अजूनही आठवते, असं लोक सांगतात.

काका तपासनीस झाले. अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात ते आमची शाळा तपासायला आले. मी तिसरीचा गणिताचा तास घेत होते. ते मागे खुर्चीवर बसले, हातात वही. मी तास पूर्ण केला. जाताना ते दारापाशी थांबले.

"बरी हायेस ना?"

"आहे, साहेब."

त्यांनी शेरा चांगला लिहिला. मी तो वाचला नाही, मुख्याध्यापकांनी सांगितला. पुढे ते वारल्याचं कळलं तेव्हा मी काकूंना भेटायला गेले नाही. जायला हवं होतं की नव्हतं, याचा निकाल मला लावता आलेला नाही.

एकोणसाठमध्ये नियम थोडे सैल झाले आणि मला पंधरा दिवसांचा परवाना मिळाला, परत येण्याच्या परवानगीसकट. पाच वर्षांनी मी घरी गेले. आईनं मला चाचपून पाहिलं. बहीण सासरहून आली, कडेवर मूल घेऊन. दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या कुशीत येऊन झोपली. तिच्याशी जुळलं.

बाबांना मी सगळं सांगितलं, दुपारी, शाळेच्या पडवीत, मुलं घरी गेल्यावर. त्या कागदातलं वाक्य अन् वाक्य मला पाठ होतं. ते ऐकताना ते पाटीवरची धूळ बोटानं पुसत राहिले.

"तो असं लिहिणार नाही," ते शेवटी म्हणाले.

"बाबा, मी वाचलंय. त्यांनी स्वतः कबूल केलं."

"तू तेव्हा आजारी होतीस. तुझ्या वाचण्यात काही वेगळं आलं असेल. मी त्याला तीस वर्षं ओळखतो."

ते उठले, शाळेच्या दाराला कडी घातली आणि म्हणाले, "परत गेलीस की त्याला माझा नमस्कार सांग."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं निघाले. परवान्याचे अजून चार दिवस बाकी होते.